पदर पसरण्याआधी

वर्धा शहराच्या एका अंगाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, तर दुसऱ्या अंगाला सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. आठ तालुक्यांच्या लहानशा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत याचा वर्धेकरांना अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु डॉक्टरने एकदा "लेकराचा अवयव बदलावा लागेल" असे सांगितले की याच जिल्ह्यातले मजुराचे घर दुसऱ्या दिवसापासून पदर पसरायला निघते. आधी नातेवाईक, मग सावकार, मग पुढारी, मग वर्तमानपत्रात आवाहन. पूर्वी अशा आवाहनांची कात्रणे निघत. आता नाकात नळी घातलेल्या लेकराचा फोटो मोबाईलवर गावोगाव फिरतो. आपण तो पाहतो, हळहळतो, जमेल तसे शंभर-दोनशे देतो आणि विसरतो.

पदर पसरण्यात कमीपणा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. लेकरासाठी माणूस काय करत नाही? परंतु पदर पसरण्याआधी करावयाच्या काही गोष्टी आहेत. त्या ठाऊक नसल्यामुळे जो वेळ वाया जातो, तो पैशापेक्षा महाग पडतो. शिवाय आपल्या घरांना कायद्याने आणि सरकारी ठरावाने मिळू शकणारा पैसा कागदाअभावी तसाच पडून राहतो, आणि बाप मात्र पाच टक्क्यांचे कर्ज डोक्यावर घेतो. म्हणून हा लेख.

एक घर डोळ्यांपुढे आणा

आर्वी तालुक्यातले एक घर समजा. बाप गवंड्याच्या हाताखाली, माय हंगामात कापूस वेचायला, घरी आजी आणि आठ वर्षांची पोरगी. पोरीचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात. घरचे म्हणतात, झोप जास्त झाली. मग पाय सुजतात, लघवी कमी होते, जेवण जात नाही. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात, त्याने चार दिवस बरे वाटते. कोणी सांगते बाहेरचे आहे, कोणी गंडा बांधतो. यात तीन-चार महिने जातात. शेवटी वर्धेला आणल्यावर रक्ताच्या तपासणीत कळते की दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत.

हे घर आम्ही कल्पनेने उभे केले आहे. परंतु ते ओळखीचे वाटणार नाही असा वाचक क्वचितच असेल.

आता हिशेब करू. दिवसाची मजुरी तीनशे रुपये आणि महिन्यात पंचवीस दिवस काम धरले तर महिन्याचे साडेसात हजार होतात. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांची मर्यादा आहे. खाजगी रुग्णालयाचा खर्च यापेक्षा पुष्कळ अधिक होऊ शकतो. पण साडेचार लाखच धरले, तरी ती या बापाची पूर्ण पाच वर्षांची मजुरी झाली. तीही घरात चूल न पेटवता. आणि हे फक्त शस्त्रक्रियेचे. तोवर डायलिसिस करावे लागते, बहुधा आठवड्यातून तीनदा. डायलिसिस मोफत मिळाले तरी आर्वीहून वर्ध्याला येण्या-जाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, दवाखान्याबाहेरचे जेवण हे कोणत्याच योजनेत बसत नाही. गरिबाचे घर मोठ्या बिलाने मोडण्याआधी या चिल्लर खर्चाने पोखरले जाते, असे आमचे मत आहे.

आम्ही मुद्दाम पोरगी म्हटले. देशाच्या अवयव प्रत्यारोपण संघटनेच्या, म्हणजे 'नोटो'च्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांची होती. बायकांच्या वाट्याला आली ६,९४५. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. देताना माय, बहीण, बायको. घेताना मुलगा, भाऊ, नवरा. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या घरांनी हा आकडा एकदा जेवताना मोठ्याने वाचावा.

आधी वेळ, मग पैसा

प्रत्यारोपण म्हणजे काही जादू नव्हे. जगात पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९५४ साली बोस्टनमध्ये दोन जुळ्या भावांत झाले. भारतात ते १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये यशस्वी झाले. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया २०१६ पासून होऊ लागली, आणि सावंगीचे रुग्णालयही आता मूत्रपिंड प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रांत मोडते. म्हणजे मूत्रपिंडाच्या रोग्याला पूर्वीसारखे उठून मुंबईच गाठावी लागेल असे नाही. लहान लेकरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्यासाठी लहान मुलांचा मूत्रपिंडतज्ज्ञ आणि तशी सोय लागते. म्हणून "तुमच्याकडे एवढ्या वयाच्या मुलाचे प्रत्यारोपण होते काय?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावा.

यकृताचे दुखणे आणखी फसवे. तान्ह्या बाळाला कावीळ होते, ती बहुतेक वेळा आपोआप जाते, म्हणून आजीबाई बाळाला कोवळ्या उन्हात धरतात. पण दोन आठवडे उलटूनही डोळे पिवळेच असतील आणि बाळाची शी पांढुरकी, मातकट होत असेल, तर ऊन, झाडपाला, काविळीची माळ यांत एक दिवसही घालवू नये. पित्ताची नळी जन्मतःच बंद असण्याचा हा आजार असू शकतो. त्यावर कासाई नावाच्या जपानी डॉक्टरने शोधलेली एक शस्त्रक्रिया आहे. ती बाळ साठ दिवसांचे होण्याच्या आत झाली तर यश येण्याची आशा अधिक. ती संधी हुकली की यकृत हळूहळू वाळते आणि पुढे प्रत्यारोपणावाचून वाट राहत नाही. कुठे एक शस्त्रक्रिया आणि कुठे यकृत बदलणे! हा फरक लाखो रुपयांचा आहे, आणि तो शी पाहणाऱ्या मायच्या नजरेवर अवलंबून आहे. अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला आमची विनंती आहे की बाळाचे वजन करताना शीचा रंगही विचारावा.

याच आजाराने ग्रासलेले तामिळनाडूतल्या कांचीपुरमचे एक बाळ १९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात आणले गेले होते. वय दोन वर्षांच्या आत. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला आणि १५ नोव्हेंबर १९९८ रोजी भारतातील लहान मुलावरचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. ते बाळ, संजय कंदस्वामी, पुढे शिकून डॉक्टर झाले. यकृताचा गुण असा की दात्याकडे उरलेला भाग काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. बापाचेही यकृत भरून आले आणि लेकराचेही वाढत गेले.

पैसा कोठे कोठे आहे

आता मुद्द्याचे. आपल्या घराला मिळू शकेल असा पैसा एका खिडकीवर मिळत नाही. चार-पाच दारे आहेत आणि प्रत्येक दाराची कुलपे निराळी.

पहिले दार वर सांगितलेल्या जनआरोग्य योजनेचे. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख अशी मर्यादा होती. २०२३ च्या निर्णयाने ती कुटुंबामागे पाच लाख व मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाख झाली. पाच लाखांत न मावणाऱ्या प्रत्यारोपणासारख्या उपचारांसाठी वेगळा निधी उभारण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. डॉक्टरच्या आधी त्याला भेटले तरी चालेल, परंतु रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाती हवे. रेशनकार्डात पोरीचे नावच चढवलेले नसेल, तर पहिला आठवडा तहसील कार्यालयात जातो. आमच्या वाचकांनी आजच, घरात कोणी आजारी नसताना, रेशनकार्ड काढून पाहावे की प्रत्येक लेकराचे नाव त्यात आहे की नाही आणि आडनाव सगळीकडे सारखे लिहिले आहे की नाही. हा सल्ला फार साधा आहे हे आम्हाला कळते. साध्या गोष्टीवरूनच फाईल परत येते.

दुसरे दार अनेकांना ठाऊकच नाही, आणि ते तर बाबासाहेबांच्या नावाचे आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली डॉ. आंबेडकर प्रतिष्ठान आहे. त्याची डॉ. आंबेडकर वैद्यकीय सहाय्य योजना अनुसूचित जाती-जमातींच्या गरीब रोग्यांसाठी आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवे. हृदय, मूत्रपिंड, यकृत, मेंदू, कर्करोग यांच्या शस्त्रक्रिया त्यात येतात. अवयव प्रत्यारोपणाला साडेतीन लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पैसा रोग्याच्या हाती येत नाही, रुग्णालयाच्या नावे जातो. त्यासाठी रुग्णालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि खासदार किंवा जिल्हाधिकारी यांच्यासारख्यांची शिफारस लागते. अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी करावयाचा असतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

येथे आपल्या समाजाची एक खास अडचण आहे, म्हणून थोडे थांबतो. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती फार उशिरा मिळाल्या. १९५६ साली धम्मदीक्षा झाली, आणि बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत धरण्याचा कायदा केंद्राने केला तो १९९० साली. चौतीस वर्षे गेली. आजही काही घरांत शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते आणि पूर्वीच्या जातीचा उल्लेख नसतो. ती जात लिहायची आम्हाला हौस नाही, उलट ती पुसण्यासाठीच आपल्या वाडवडिलांनी एवढे सोसले. परंतु केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात आणि त्यात धर्मांतरापूर्वीची जात नोंदवलेली असते. राज्याचा दाखला आहे म्हणून निश्चिंत राहू नये. सेतू केंद्रात गेल्यावर "केंद्राच्या नमुन्यातला, बौद्ध धर्मांतरितांचा" असे स्पष्ट सांगावे. मूल जन्मले की जन्मदाखला काढतो, तसाच हाही दाखला आधी काढून ठेवला तर आजारपणात धावाधाव होणार नाही.

तिसरे दार मुख्यमंत्री सहायता निधीचे. ज्या उपचाराला इतर योजना लागू होत नाही, त्यासाठी येथून मदत मिळू शकते. पूर्वी यासाठी मंत्रालयापर्यंत ओळखी काढाव्या लागत. २०२५ पासून जिल्हाधिकारी कार्यालयांतही त्याचे कक्ष उघडले आहेत. पंतप्रधानांच्या राष्ट्रीय मदत निधीतूनही मूत्रपिंड प्रत्यारोपण, हृदयशस्त्रक्रिया अशा उपचारांना अंशतः मदत मिळते. खासदाराच्या पत्रासह अर्ज केलेला बरा.

आणि एक दार असे आहे की ते उघडे असूनही त्यावर पाटी नसते. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना करात आणि जमिनीत सवलती मिळतात. त्या बदल्यात सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी योजना आखून दिली आहे आणि बिलांच्या रकमेतला ठरावीक हिस्सा गरीब रोग्यांच्या निधीत बाजूला काढायला लावला आहे. नागपूर-मुंबईची पुष्कळ नामांकित रुग्णालये यात येतात. काचेचे दार आणि थंड हवा पाहून आपला माणूस आतच जात नाही. आत जावे, समाजसेवकाचा कक्ष कोठे आहे ते विचारावे आणि "धर्मादाय खाट" हा शब्द वापरावा. नाही म्हटले तर लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे.

हे हात पसरणे नव्हे. २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका सायकलरिक्षा ओढणाऱ्या बापाचे प्रकरण आले होते. त्याच्या लेकराला दुर्मीळ आजार होता, औषध होते पण महागडे होते. न्यायमूर्ती मनमोहन यांनी निर्णय दिला की पैसा नाही या सबबीवर सरकारला आरोग्याच्या जबाबदारीतून अंग काढता येत नाही, आणि लेकराला औषध मोफत देण्याचा आदेश केला. आधार होता तो संविधानाच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा. बाबासाहेबांनी आणि रमाईंनी चार लेकरे गमावली. राजरत्न गेला ते साल १९२६. त्या घरात औषधाला पैसा नव्हता आणि मागायला असा हक्कही नव्हता. आज तो कागदावर आहे.

अवयव कोण देणार?

पैशाइतकाच हा प्रश्न मोठा आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण, मुले आणि पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडे आली. आमच्या मते गरीब घरासाठी ही मोठी सोय झाली, कारण बाप कमावता असतो आणि माय लहान लेकरांत अडकलेली असते. आजी धडधाकट असेल तर डॉक्टर तिचाही विचार करू शकतात. जिवंत दाता अठरा वर्षांच्या वरचाच हवा. मोठ्या भावाने पंधराव्या वर्षी कितीही हट्ट धरला तरी चालत नाही. रक्तगट जुळत नसला तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या घराशी अदलाबदल करण्याची वाटही २०११ च्या दुरुस्तीने कायदेशीर झाली आहे. जवळचे नाते नसलेल्या दात्याला मात्र प्राधिकार समितीपुढे जावे लागते, आणि पैशासाठी देत नाही हे तेथे सिद्ध करावे लागते.

कागदाची गोची येथेही आहे. मायचे माहेरचे नाव जन्मदाखल्यावर, सासरचे आधारकार्डावर आणि तिसरेच रेशनकार्डावर, असे असले की ही माय याच पोरीची, हे सिद्ध करायला कागद गोळा करावे लागतात. नऊ महिने पोटात वाढवले, त्याला पुरावा! पण कायदा कडक आहे तो अवयवांच्या बाजारामुळे, हेही समजून घेतले पाहिजे. अवयव विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि दलालाला पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड अशी शिक्षा आहे. २०२५ च्या डिसेंबरात आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने सावकाराच्या कर्जापायी परदेशात जाऊन मूत्रपिंड विकल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. दवाखान्याच्या चहाच्या टपरीवर "दाता मिळवून देतो" म्हणणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. तो लेकराला वाचवत नाही, दुसऱ्या गरिबाला कापतो.

दाता होणाऱ्या मायचाही खर्च असतो, तो कोणी धरत नाही. तिच्या तपासण्या, तिची विश्रांती. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तिला जड उचलता येत नाही. म्हणजे पाण्याचा हंडा नाही, कापसाचे गाठोडे नाही. वेचणीचा हंगाम त्यात गेला तर वर्षाची कमाई गेली. बचत गटाने अशा बहिणीचा हप्ता तीन महिने पुढे ढकलला आणि शेजारणींनी आळीपाळीने पाणी भरले, तर ती मदत कोणत्याही धनादेशापेक्षा कमी नाही.

हृदयाचे मात्र जिवंत माणूस देऊ शकत नाही. ते मेंदूमृत माणसाकडूनच मिळते. आणि लहान लेकराला लहान हृदय लागते, म्हणजे कोणाचे तरी लेकरू गेलेले असते. २०१७ च्या सप्टेंबरात नवी मुंबईच्या एका चिमुरडीला सुरतच्या अवघ्या चौदा महिन्यांच्या बाळाचे हृदय मिळाले. सुरतहून ते विमानाने आणून मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने बसवले. त्या मुलीच्या मायबापांनी वर्षाहून अधिक काळ वाट पाहिली होती, आणि त्या काळात ते लोकांना अवयवदानाचे महत्त्व सांगत फिरले. पुढल्याच वर्षी, २०१८ साली, आपल्या विदर्भातल्या गोंदिया जिल्ह्यातील एका सहा वर्षांच्या मुलीचा अपघात झाला, आणि तिच्या मायबापांनी तिचे अवयव दिले. त्या मायबापांची नावे आम्ही येथे छापत नाही. पण त्या रात्री त्यांनी कोणत्या मनाने सही केली असेल, याचा विचार करूनच आमची लेखणी थांबते. शिबी राजाने डोळे दिल्याची जातककथा विहारात आपण ऐकतो. हे दान त्याहून लहान नाही.

मेंदूमृत्यू कोणी एक डॉक्टर ठरवत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासते, मगच जाहीर करते. विदर्भाची प्रतीक्षायादी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. नाव त्यात रुग्णालयामार्फत नोंदवले जाते. अवयवाची किंमत कोणी घेत नाही, आणि दात्याच्या घरावरही त्याचा खर्च टाकता येत नाही. नोंदणीसाठी राज्यातल्या रहिवासाची अट आणि नोंदणी शुल्क काढून टाकण्याचा निर्णय केंद्राने २०२३ साली घेतला.

ज्वारीचा विमा

वर्धा जिल्ह्याने या बाबतीत एक धडा फार पूर्वी घालून दिला आहे. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या बदल्यात आरोग्य विमा सुरू केला. खळे झाले की प्रत्येक घर ठरावीक ज्वारी जमा करी. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. बदल्यात घरातले माणूस आजारी पडले की कस्तुरबा रुग्णालयात उपचाराची सोय. गावातली बहुसंख्य घरे सामील झाली तरच गावाला योजना लागू होई.

खेड्याची आम्हाला भुरळ नाही. बाबासाहेबांनी खेड्याबद्दल काय म्हटले ते आमचे वाचक जाणतात, आणि सेवाग्रामच्या विचाराशी आपले जुने मतभेदही आहेत. परंतु ज्वारीच्या या पायलीत एक शहाणपण होते: वर्गणी आजार येण्याआधी गोळा होत होती. आपण मात्र लेकरू अतिदक्षता विभागात गेल्यावर पावतीपुस्तक छापतो. जयंतीची वर्गणी आपण दर वर्षी न चुकता गोळा करतो. मिरवणुकीच्या डीजेवर किती जातो तो हिशेबही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला दहावा हिस्सा विहाराच्या नावाने बँकेत वेगळ्या खात्यात टाकला, तर वीस वर्षांत तो प्रत्यारोपणाला पुरणार नाही हे खरे. पण आर्वीहून नागपूरच्या फेऱ्यांचे भाडे, दात्याच्या तपासण्या आणि सोबतच्या माणसाचे जेवण त्यातून निघेल. मोठी रक्कम सरकारकडून मागता येते. चिल्लर रक्कम कोणी देत नाही, आणि घर मोडते ते तिच्यासाठीच.

आणि पैशाहून अधिक गरज असते ती फाईल घेऊन फिरणाऱ्या माणसाची. बाप दवाखान्यात, माय पोरीजवळ. तहसीलला, सेतूला, खासदाराच्या कार्यालयात कोण जाणार? आपल्या वस्तीत निवृत्त मास्तर असतात, कॉलेजात शिकणारी पोरे असतात, रेल्वेतून निवृत्त झालेले काका असतात. त्यांतल्या एकाने एका घराची फाईल घ्यावी. लोकांकडून मदत मागायचीच झाली, तर खाते शक्यतो रुग्णालयाच्या नावे द्यावे, जमा-खर्च वहीत लिहून विहारात वाचून दाखवावा, आणि मोबाईलवरून पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्या त्यातून किती कापून घेतात ते आधी विचारावे. लेकराचा उघडा-वाघडा फोटो टाकू नये. ते बरे होऊन उद्या शाळेत जाणार आहे.

घरी आल्यावर

शस्त्रक्रिया झाली, पेढे वाटले, आणि अनेकांना वाटते की संपले. संपत नाही. शरीर परक्या अवयवाला शत्रू समजते, त्याला शांत ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही नावे मायबापांच्या तोंडपाठ होतात. या गोळ्यांमुळे संसर्ग लवकर होतो, म्हणून पाणी उकळून प्यावे, सर्दी-तापाच्या माणसाला पोरीच्या जवळ येऊ देऊ नये आणि लग्नाच्या गर्दीत तिला नेऊ नये. गोवरासारख्या काही लसी प्रत्यारोपणाच्या आधीच द्याव्या लागतात, नंतर देता येत नाहीत; म्हणून लसीकरणाचे कार्ड पहिल्या भेटीतच डॉक्टरला दाखवावे. योजनेतून पुढची औषधे किती महिने मिळतील हेही शस्त्रक्रियेआधी लेखी विचारून घ्यावे, कारण घराचा दुसरा हिशेब तेथूनच सुरू होतो.

गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घ्याव्या लागतात, सकाळी आठ म्हणजे आठ, रात्री आठ म्हणजे आठ. पोरीला बरे वाटते म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून दोन दिवस बंद केल्या, तरी मायने दिलेले मूत्रपिंड गमावण्याची वेळ येऊ शकते. आर्वी, कारंजा, समुद्रपूर येथल्या औषध दुकानांत या गोळ्या दर वेळी मिळतीलच असे नाही. म्हणून संपायला पंधरा दिवस असतानाच त्या वर्ध्याहून किंवा नागपुराहून मागवून ठेवाव्यात, आणि दुकानदाराने चिठ्ठीवरच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर ती पोरीला देण्याआधी डॉक्टरला फोन करावा.